महाजालावरील मोफत साधने आणि साहित्याचा वर्ग

मागील घटकात संदर्भग्रंथ कसे हाताळावेत, याची चर्चा आपण केली. त्या चर्चेत एक गोष्ट नकळत गृहीत धरली गेली होती, ती म्हणजे ग्रंथ तुमच्या हाताशी आहेत. वास्तव तसे नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तालुक्याच्या गावचे अभ्यासकेंद्र, रविवारचे संमंत्रण सत्र, कपाटात पाठ्यपुस्तकाच्या दोनतीन प्रती, आणि शब्दकोश असलाच तर त्याचा एखादाच खंड. मात्र समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये भ्रमणध्वनी असतो. या घटकाचा विषय त्या भ्रमणध्वनीपासूनच सुरू होतो.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सत्रात आधुनिक मराठीतील एका प्रसिद्ध कवीची कविता शिकवायची होती. पुस्तके कमी होती म्हणून विद्यार्थ्यांनी ती फोनवर शोधली. तीन फोनांवर तीन कविता निघाल्या. एकीत एक कडवे कमी होते. दुसरीत तिसऱ्या ओळीतला एक शब्द वेगळा होता. तिसरी पूर्ण होती, पण तिच्याखाली नाव भलत्याच कवीचे होते. वर्गात थोडी हसाहशी झाली. मग मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, परीक्षेत यातली कोणती लिहायची?” दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या आणि कित्येक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या व्यक्तीचा तो प्रश्न होता, त्यामुळे तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘नेमलेल्या पुस्तकातली लिहा’ एवढेच उत्तर मी त्या दिवशी दिले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. तीन पाठ समोर आले असता त्यांतला विश्वसनीय कोणता हे ठरवता येणे, हाच तर साहित्याच्या अभ्यासाचा पाया आहे. त्यासाठी लागणारी साधने महाजालावर विनामूल्य आहेत. ती कोणती, आणि त्यांचा वर्गात उपयोग कसा करावा, हे या घटकात पाहू.

साधनांची लांबलचक यादी येथे दिलेली नाही, कारण अशी यादी वर्षभरात जुनी होते. निवडीचा निकष मात्र आधीच सांगतो. जे साधन विद्यार्थ्याला आयते उत्तर देते, त्यापेक्षा जे त्याला पडताळून पाहायला लावते, ते वर्गासाठी अधिक मोलाचे, असे मी मानतो.

मोफत आणि मुक्त

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द आपण सहज एकाच अर्थाने वापरतो. महाजालाच्या संदर्भात त्यांत मोठा फरक आहे. मोफत म्हणजे ज्याला पैसे पडत नाहीत ते. मुक्त म्हणजे जे वाचण्याची, प्रत काढण्याची, इतरांना देण्याची, प्रसंगी सुधारण्याचीही परवानगी आहे ते. एखाद्या गटावर फिरत आलेली नव्या कादंबरीची पीडीएफ मोफत असते, पण मुक्त नसते. तिच्या लेखकाला किंवा प्रकाशकाला त्यातून काही मिळालेले नसते आणि त्यांनी संमतीही दिलेली नसते. मराठीत पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच लहान निघतात. अशा भाषेच्या विद्यार्थ्यानेच तिच्या लेखकाचे नुकसान करावे, हे मला पटत नाही.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या निधनाला १९९१ साली पन्नास वर्षे पूर्ण होत होती, त्या सुमारास ती साठ करण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. याचा तुमच्या अभ्यासाशी थेट संबंध आहे. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, राम गणेश गडकरी १९१९ साली. त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे असे लेखन मुक्त झाले. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या बाबतीत ही तारीख १ जानेवारी २०१७ येते. पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० साली झाले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांसाठी २०६० साल सरेपर्यंत थांबावे लागेल. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. जुन्या कवितेला एखाद्या संपादकाने अलीकडे लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांवर त्या संपादकाचा वेगळा हक्क असतो, हेही विसरू नये.

वर्गाच्या कामाला कायद्याने सवलत दिलेली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली याच तरतुदीचा आधार घेतला होता. तेव्हा वर्गात एखादी कविता पडद्यावर दाखवताना किंवा तिच्या प्रती वाटताना भिण्याचे कारण नाही. संपूर्ण पुस्तक गावभर पाठवणे ही निराळी गोष्ट आहे.

कोशात शब्द पाहणे

तुम्ही फोनवर शब्दाचा अर्थ शोधता तेव्हा बहुधा पहिला दिसेल तो अर्थ घेता. साहित्याच्या विद्यार्थ्याला तेवढ्याने भागत नाही, कारण तुमच्यासमोरचा उतारा शंभर किंवा सातशे वर्षांपूर्वीचा असू शकतो. येथे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळाची फार मदत होते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती तेथे आहे. दाते-कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांनी तयार केलेला, १९९९ साली प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोशही आहे. हे सारे शोधता येते, त्यासाठी नावनोंदणी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. हे खंड विकत घ्यायचे तर किती खर्च येईल आणि ते ठेवायचे कोठे, याचा विचार केला म्हणजे या सोयीचे मोल कळते.

एक शब्द घेऊन पाहा : राजीनामा. आज त्याचा अर्थ पदत्याग. पण शब्द फारसी आहे आणि त्याचे घटक ‘राजी’ व ‘नामा’ हे आहेत, म्हणजे मूळ अर्थ संमतीचा लेख. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे आजही तडजोड किंवा समझोता. संमतीचा कागद मराठीत नोकरी सोडण्याचा कागद कसा झाला? मधला दुवा जमीनमहसुलाच्या व्यवहारात सापडतो. मुंबई इलाख्यात शेतकरी आपल्या नावची जमीन सोडून देताना जो लेख देई त्याला राजीनामा म्हणत, आणि ती जमीन नव्याने घेणारा जो लेख देई त्याला कबुलायत. आपल्या राजीखुशीने सोडणे, असा तो अर्थ. जमिनीच्या जागी पद आले आणि शब्द आजच्या अर्थाशी येऊन पोहोचला. हा शब्द तिन्ही कोशांत पाहा आणि कोणत्या कोशात कोणता अर्थ आधी दिला आहे, तो वहीत टिपा. एखाद्या कोशात तो मुळीच मिळाला नाही, तर का मिळाला नसावा, याचाही विचार करा. अर्थपरिवर्तनाचा जो घटक तुम्ही भाषाविज्ञानात वाचला आहे, तो येथे प्रत्यक्ष घडताना दिसतो. ‘शिक्षा’ या शब्दाचेही असेच करता येईल. सहा वेदांगांपैकी एकाचे नाव शिक्षा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि मराठीत तिचे काय झाले ते कोणत्याही शाळकरी मुलाला विचारावे.

या जुन्या कोशांत शोध घेताना हमखास एक अडचण येते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि आपण अनुच्चारित अनुस्वार सोडून दिले. जुने कोश त्यापूर्वीचे आहेत. तेथे ‘नाव’ शोधलेत तर होडी मिळेल, माणसाचे नाव हवे असेल तर ‘नांव’ असे टंकित करावे लागेल. ‘गाव’ मिळत नाही म्हणून निराश न होता ‘गांव’ लिहून पाहा. पहिल्यांदा याचा वैताग येतो. पण अनुस्वार अर्थभेदाचे काम कसे करीत होता, हे दहा व्याख्यानांनी पटणार नाही इतके ‘नाव’ आणि ‘नांव’ यांच्या एका शोधाने पटते.

कोशांबरोबर विश्वकोशाचा उल्लेख ओघानेच येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोश’ आकाराला आला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तो महाजालावर वाचता येतो. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते, आणि अनेक नोंदींच्या शेवटी संदर्भ असतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तेथे कोणीही लिहू शकतो, आणि नोंदीखाली एका लेखकाचे नाव नसते. म्हणून ‘विश्वकोश खरा, विकिपीडिया खोटा’ असे सरसकट म्हटले जाते. मला ते मान्य नाही. विश्वकोशातील नोंद विद्वानाची असते, पण ती खंड छापला त्या वर्षीची असू शकते. त्यानंतर लेखकाचे पुढचे आयुष्य, नवी पुस्तके, नवे संशोधन आलेले असते. उलट विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास’ नावाचा दुवा असतो. तो उघडला की कोणते वाक्य कधी आले, कोणी बदलले आणि कधी काढून टाकले, हे सारे दिसते. छापील ग्रंथात ही सोय नाही. वर्गात एखाद्या साहित्यिकावरची नोंद दोन्हीकडे उघडा आणि जन्मवर्ष, पहिल्या पुस्तकाचे वर्ष, ग्रंथांची नावे एवढेच ताडून पाहा. फरक सापडला की तिसऱ्या साधनाकडे वळावेच लागते.

पान तपासणे

आता ज्या साधनाविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे त्याकडे येऊ. ते म्हणजे मराठी विकिस्रोत. विकिपीडिया हा माहितीचा कोश, तर विकिस्रोत हे मूळ ग्रंथांचे भांडार आहे. स्वामित्वहक्क संपलेली, किंवा हक्कधारकांनी मुक्त केलेली पुस्तके येथे ठेवली जातात. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र एका बाजूला आणि त्या पानाचा टंकित मजकूर दुसऱ्या बाजूला, अशी त्याची रचना आहे. मजकूर बहुधा यंत्राने छायाचित्रावरून ओळखलेला असतो, म्हणून त्यात चुका असतात. त्या माणसाने वाचून दुरुस्त करायच्या असतात. न तपासलेल्या पानाची खूण लाल, एकदा मुद्रितशोधन झाले की पिवळी, आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्यावर हिरवी होते. पिवळी खूण ज्याने केली त्यालाच तेच पान हिरवे करता येत नाही. छापखान्यातील मुद्रितशोधनाची शिस्त या व्यवस्थेने जशीच्या तशी उचलली आहे.

यंत्र कोठे चुकते, ते पाहण्यासारखे आहे. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, व आणि ब या जोड्या जुन्या, झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत एकमेकींसारख्या दिसतात. रेघेचा एक तुकडा उमटला नाही की ‘घन’चे ‘धन’ होते. निसर्गकवितेत मेघांच्या जागी संपत्ती आली तर अर्थ उलटापालटा होतो, पण वृत्त मात्र अबाधित राहते. त्यामुळे कानाला काहीच खटकत नाही आणि चूक सुखाने पुढच्या प्रतीत जाते. अनुस्वाराचा टिंब कागदावरच्या डागाशी मिसळतो. जोडाक्षरे फुटतात. काना मागच्या अक्षराला न चिकटता सुटा पडतो.

या चुकांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले की त्या ओळखीच्या वाटू लागतात. पाठचिकित्सेच्या घटकात लेखनिकांच्या चुका तुम्ही वाचल्या आहेत : सदृश अक्षरांचा घोटाळा, ओळ गळणे, ओळ दोनदा येणे, समासातील टीप मूळ मजकुरात घुसणे. हाताने पोथी उतरवणारा लेखनिक आणि छायाचित्रावरून अक्षर ओळखणारे यंत्र, दोघेही एकाच कारणाने फसतात. दोघांनाही आकार दिसतो, आणि त्या क्षणी अर्थाकडे लक्ष नसते. ज्ञानेश्वरीचा रचनाकाळ शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, आणि एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत प्रतीमागून प्रत होत गेली. एकनाथांसमोर काय काम होते, याची पुसटशी का होईना कल्पना यायची असेल तर विकिस्रोतावरचे एक लाल पान घेऊन बसावे.

वर्गात हे काम दोघांच्या जोडीने करावे. एकाने छायाचित्रातील ओळ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने टंकित मजकुरावर बोट ठेवून पाहावे, आणि पुढच्या पानाला भूमिका बदलाव्यात. दुरुस्ती प्रत्यक्ष संकेतस्थळावर नोंदवायची असेल तर खाते उघडलेले बरे. त्यासाठी आपले पूर्ण नाव देण्याची गरज नाही, टोपणनाव चालते. दूरध्वनी क्रमांक तर कोठेही लिहू नये. लहान पडद्यावर संपादन करणे त्रासाचे होते, तेव्हा केंद्रावर एखादा संगणक असेल तर तो वापरावा. नसेल तर पानाची छापील प्रत आणि लाल पेन एवढ्यावरही काम भागते.

या कामात नवख्या विद्यार्थ्याकडून एक चूक नेहमी होते आणि ती फार शिकवून जाते. छायाचित्रात ‘कांहीं’ असते आणि विद्यार्थी ते ‘काही’ करतो. छायाचित्रात ‘करितां’ असते, तो ‘करता’ करतो. त्याला वाटते आपण शुद्धलेखन सुधारले. प्रत्यक्षात त्याने शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुसून टाकलेली असते. पानावर जे छापले आहे तेच लिहायचे, आपल्याला जे योग्य वाटते ते नाही, हा संपादनाचा पहिला नियम आहे. वाचून तो सोपा वाटतो. पण शाळेपासून ‘शुद्ध लिहा’ हे ऐकत आलेल्या हाताला तो पाळणे जड जाते. आमच्या सत्रात एका विद्यार्थ्याने यावर वाद घातला होता. उघड दिसणारी छापखान्याची चूकही तशीच ठेवायची का, असे त्याचे म्हणणे होते. मुद्दा बिनतोड होता. त्यावर संपादकांनी शोधलेला मार्ग असा, की मूळ तसेच ठेवायचे आणि दुरुस्ती वेगळी दाखवायची, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. त्या दिवशी कविता एकच वाचून झाली, पण ती प्रत्येकाने अक्षर अन् अक्षर वाचली.

विकिस्रोतावर हवे ते पुस्तक मिळेलच असे नाही. तेव्हा इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोधावे. तेथे जुन्या मराठी पुस्तकांची पुष्कळ छायाचित्रे आहेत, मात्र पुस्तकांची नावे अनेकदा रोमन लिपीत आणि वेडीवाकडी नोंदलेली असतात. तीनचार प्रकारे लिहून पाहण्याची तयारी ठेवा. पुस्तक उघडल्यावर सर्वांत आधी शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान पाहा, म्हणजे आवृत्ती कितवी, वर्ष कोणते, संपादक कोण हे कळेल. ही तीन माहिती न टिपता केलेले वाचन पुढे उद्धृत करता येत नाही. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय, आणि विद्यापीठांतील प्रबंध ठेवणारे ‘शोधगंगा’ हीदेखील विनामूल्य आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचण्याची जरुरी नाही. त्याची संदर्भसूची पाहिली तरी त्या विषयावर काय वाचावे हे कळते.

टंकलेखनाविषयी थोडेसे

स्वाध्याय टंकित करून देण्याची वेळ आता अनेकांवर येते. जुन्या टंकांत केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. त्या टंकांत मराठी अक्षर केवळ दिसायला मराठी होते, आत ते रोमन अक्षराच्या जागी बसवलेले होते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा आहे, म्हणून तो मजकूर कोठेही उघडतो आणि शोधताही येतो. जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला आठवडाभर पुरतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय झाली की ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय यंत्रच करू लागते, आणि तो निर्णय नेहमी बरोबर नसतो.

बोलून टंकित करण्याची सोय कष्टकरी विद्यार्थ्यासाठी वरदान आहे. मात्र नंतर वाचून पाहणे अटळ आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘आचार्यांचा’ म्हणजे गुरुजनांचा आणि ‘आचाऱ्यांचा’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांचा. लग्नाच्या निमंत्रणात ही चूक गमतीची ठरेल, उत्तरपत्रिकेत ठरणार नाही.

ज्यांच्या गावात जोडणी मिळत नाही किंवा ज्यांना डेटा जपून वापरावा लागतो, त्यांच्यासाठी किविक्स हे विनामूल्य उपयोजन आहे. जोडणी असेल तेथे एकदा मराठी विकिपीडियाची फाइल उतरवून घ्यायची, मग ती जोडणीशिवाय वाचता येते. केंद्रावर एकाने ती उतरवून इतरांच्या फोनवर दिली तरी चालते. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने तो असा वाटण्यात काही गैर नाही. मोफत आणि मुक्त यांतला वर सांगितलेला फरक येथे प्रत्यक्ष कामी येतो.

विचारताच उत्तर देणारी यंत्रे

अलीकडे प्रश्न विचारला की परिच्छेदामागून परिच्छेद लिहून देणारी संवादयंत्रे विनामूल्य मिळतात. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही. म्हटले तरी तुम्ही वापरालच. एखादी अवघड संकल्पना सोप्या शब्दांत समजावून घ्यायला किंवा आपल्या निबंधाचा आराखडा तपासायला त्यांचा उपयोग होतो. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांचा एक स्वभाव ओळखून असावे. एखादी कविता पूर्ण द्या, असे सांगितले असता ती कवीच्या नावाखाली कवीने कधीही न लिहिलेल्या ओळी देऊ शकतात, आणि त्या ओळी वृत्तात बसतील अशा असू शकतात. लेखनिकाची चूक निदान अक्षराच्या सारखेपणातून आलेली असते, म्हणून ती शोधून काढता येते. या चुकीला मागे कोणतेच मूळ अक्षर नसते. अवतरण म्हणून या यंत्रांकडून आलेली एकही ओळ छापील पानाशी ताडल्याशिवाय स्वाध्यायात घालू नका.

कृती

तुमच्या पाठ्यपुस्तकातील, १९२० पूर्वी निधन झालेल्या कवीची एक कविता निवडा. फोनवर तिचे तीन पाठ शोधा. मग विकिस्रोत किंवा इंटरनेट आर्काइव्हवर त्या कवीच्या संग्रहाच्या पानाचे छायाचित्र शोधून ते तिन्ही पाठ त्याच्याशी ओळ अन् ओळ ताडा. प्रत्येक फरकापुढे लिहा : हा सदृश अक्षरांचा घोटाळा आहे, गळालेला मजकूर आहे, नव्या शुद्धलेखनाने झालेला बदल आहे, की आणखी काही? या कृतीला दीड तास पुरतो. चारजणांच्या गटात केल्यास चर्चा चांगली होते, आणि एकच फोन पुरतो.

‘आणखी काही’ हा पर्याय मी उगाच दिलेला नाही. आरंभी सांगितलेल्या त्या तीन कवितांचे आम्ही पुढच्या रविवारी हेच केले. कडवे गळालेला पाठ आणि भलत्या नावाचा पाठ लगेच बाद झाले. वेगळ्या शब्दाचा पाठ मात्र बाद होईना. एका जुन्या आवृत्तीच्या छायाचित्रात तोच शब्द स्पष्ट छापलेला होता, आणि नेमलेल्या पुस्तकातला शब्द त्यानंतरच्या आवृत्तीतला होता. म्हणजे ती चूक नव्हती, तो पाठभेद होता. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीने परीक्षेत नेमलेल्या पुस्तकातलाच शब्द लिहिण्याचे ठरवले. मात्र आपल्या पुस्तकाच्या समासात तिने पेन्सिलीने दुसरा शब्द आणि त्या आवृत्तीचे वर्ष लिहून ठेवले.